बावन्नाव्या वर्षीच का घेतलीस पेन्शन, आत्या?

प्रिय आत्या,

जयभीम.

तू असताना तुला मी कधी दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि आपण एकाच घरात राहत होतो, मग लिहायचं कशाला? आज लिहितोय, कारण जे सांगायचं आहे ते ऐकून घेणारं घरात दुसरं कुणी उरलं नाही.

दुपारचा एक वाजलाय. दुकानाचे मालक जेवायला गेलेत. झेरॉक्सचं मशीन बंद करून ठेवलंय, आणि माझ्यासमोर टेबलावर आईचा पेन्शनचा फॉर्म आहे. पूर्ण भरलेला. नाव, पत्ता, आधारचा नंबर, बँकेचा नंबर, सगळं तीन-तीनदा तपासलंय. सोबत काम सोडल्याचा अर्ज. त्याच्याखाली आईचा अंगठा आहे. पाच वाजायच्या आत बिडी कारखान्याच्या ऑफिसात दोन्ही कागद दिले की आईचं काम सुटलं, पुढे आधारची पडताळणी झाली की पेन्शन सुरू.

आणि आईला यातलं काही माहीत नाही!

अंगठा मी काल घेतला. "रेशनचं काम आहे, इथं लाव," असं म्हणालो. तिनं विचारलंसुद्धा नाही. मी पुढे केलेल्या कागदावर ती नेहमी लावते तसा लावला आणि पुन्हा सुपाकडे वळली.

बाबांना सांगावं म्हटलं तर ते सेंट्रिंगच्या कामावर संगमनेरला, शनिवारी येतात. आणि आले तरी काय म्हणणार? "तुमचं बिडीचं तुमी बघा, मला त्यातलं कळत न्हाई." म्हणून तुला लिहितोय. कागद द्यायच्या आधी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. चार वर्षं झाली, ती माझ्या डोक्यातून जात नाही.

तू बावन्नाव्या वर्षीच का घेतलीस पेन्शन?

तुला सगळं ठाऊक आहे, पण क्रमाने मांडल्याशिवाय मला सुचत नाही, तेव्हा मांडतो. बिडी कामगाराचा पीएफ कापला जातो. दहा वर्षं भरली की पेन्शन बसते. अठ्ठावन्न पूर्ण झाली की पुरी मिळते. पन्नाशीनंतर काम सोडून आधीही घेता येते, पण जेवढी वर्षं आधी घ्याल तेवढी कमी, दर वर्षामागे शेकडा चार. आणि एकदा कमी झालेली मरेपर्यंत कमीच राहते. नंतर पस्तावा झाला म्हणून वाढवून मिळत नाही.

नियम एवढाच. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी तो समजावतो. घरात मात्र तो नियम दोन बायकांनी दोन बाजूंनी ओढला आणि मधे मी!

मला आठवतं तेव्हापासून तुम्ही दोघी समोरासमोर बसलेल्या. दाराच्या उजेडाच्या बाजूला तू, भिंतीला टेकून आई. दोघींच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. तू सासरी नांदायला गेलीस ती वर्षाच्या आत परत आलीस, आणि आलीस त्याच दुपारी सूप घेऊन आईसमोर बसलीस म्हणे. "वहिनी, तुझी किती झाली?" "तुमच्यापेक्षा शंभर जास्त, वन्सं." नणंद-भावजयींचं भांडण मी कधी ऐकलं नाही, पण हजाराची शर्यत रोज ऐकली. कोण आधी हजार पुरे करतं! हरलेलीनं चहा ठेवायचा.

तो रविवार मला नीट आठवतो. तू कारखान्यात माल देऊन आलीस, चपला दारातच उडवल्यास आणि म्हणालीस, "मास्तर, माझी पेन्शन काढ."

बारावीत मी शाळा सोडली. गावात कुणी मला मास्तर म्हणत नाही. तू म्हणायचीस, कारण दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. तुला त्यातलं काही कळत नसायचं, तरी तू प्रत्येक पाटीपाशी थांबून विचारायचीस, "ह्यात काय चुकलंय रं?"

मी म्हणालो, "आत्या, अजून सहा वर्षं आहेत."

"कोन म्हनतं?"

"नियम म्हणतो."

"पन्नाशीनंतर मिळती म्हनं. गल्लीतल्या शकूला मिळाली."

"मिळते, पण कमी मिळते."

"कमी म्हंजे न्हाईच असं हाय का?"

मग मी बसून तक्ता केला. आखलेल्या कागदावर, दोन रंगांच्या पेनांनी. एका बाजूला आता घेतली तर, दुसऱ्या बाजूला थांबलीस तर. वर्षामागून वर्ष बेरीज करत खाली आलो. आधी आताच्या बाजूची बेरीज पुढे असते, पण सत्तरीच्या पुढे कधीतरी थांबलेली बाजू तिला गाठते आणि मग पुढेच जाते. शेवटच्या ओळीत थांबण्याचाच फायदा होता. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली. मला किती बरं वाटलं होतं ती रेघ मारताना!

तू कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिलास. "ह्यो शेवटचा आकडा कशाचा?"

"तुझ्या वयाचा. ऐंशी."

"आन मी ऐंशीची व्हनार हे तुला कोन म्हनलं?"

"तसं धरावं लागतं, आत्या."

"धर की मग! माझं काय जातंय? शंभर धर!"

आई एवढी हसली की सुपातली तंबाखू उडाली आणि दोघींनाही शिंका आल्या. हसणं संपल्यावर तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "झालं तुझं? आता फॉर्म भर."

मी भरला नाही.

हे तुला माहीत होतं. तरी मला माझ्या हातानं लिहू दे. फॉर्म मी दुसऱ्याच दिवशी छापून आणला होता. तो दुकानातल्या माझ्या खणात ठेवला आणि तुला सांगितलं की साईट बंद आहे. तू महिन्याने विचारलंस, मी तेच सांगितलं. पुन्हा विचारलंस, पुन्हा तेच. सात महिने! मला वाटत होतं, थोडे दिवस गेले की तू विसरशील आणि तुझं भलं होईल. तुझं भलं मी लाल रेघेनं ठरवलं होतं ना.

मग एक दिवस तू दुकानातच आलीस. मालकांना म्हणालीस, "साहेब, ती पेन्शनची साईट कवा सुरू व्हनार वो?"

मालक म्हणाले, "कुठली साईट, मावशी? सकाळपासून चालूच हाय की."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी कीबोर्डकडे पाहत होतो. तू म्हणालीस, "मग माझ्या भाच्यालाच दिसत नसंल. डोळे तपासून घ्या त्याचे." आणि पदर सावरून निघून गेलीस.

घरी येताना मी सगळा रस्ता घाबरत होतो. तू आईसमोर काढशील, बाबांना सांगशील. तू काहीच बोलली नाहीस. ताटात भाकरी वाढताना फक्त म्हणालीस, "मास्तर, उद्या व्हईल ना काम?" का रागावली नाहीस, आत्या? दोन शब्द बोलली असतीस तर माझं ओझं कमी झालं असतं. त्या सात महिन्यांत तू रोज बसून बिड्या वळल्यास. तुला त्या वळायच्या नव्हत्या आणि मी तुला वळायला लावल्या. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला, तर पुढे वेगळंच निघालं. आधारची पडताळणी करायला अंगठा लागतो. तू मशीनवर अंगठा ठेवलास आणि लाल दिवा लागला. पुसून ठेवलास, पुन्हा लाल. मी तुझी दहाही बोटं एकेक करून लावली. एकही उठेना.

"काय म्हनतंय ते?" तू विचारलंस.

"तुझ्या बोटांवर रेघाच नाहीत, आत्या."

खरंच नव्हत्या! मी तुझा अंगठा उजेडात धरून पाहिला. चाळीस-बेचाळीस वर्षं पान आणि दोरा घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की काचेसारखा चमकत होता. मी एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसलो आणि कधी पाहिलं नव्हतं. तूही पाहिलं नव्हतंस. तुला वाईट वाटेल असं मला वाटलं, पण तू तर जत्रेत काही नवल दिसावं तशी पाहत बसलीस. "आगं बया! कुठं गेल्या रं रेघा?"

मालक म्हणाले, काही आठवडे हाताला आराम द्या, येतील परत. तू त्या दिवसापासून सूप बाजूला ठेवलंस. आणि आईचे टोमणे! "वन्संनी अंगठ्याची आढी घातलीय. पिकंल म्हनं पंधरा दिवसांत!" येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती हे सांगायची. तू दारात बसून अंगठा उन्हात धरायचीस आणि मी दुकानातून आलो की पुढे करायचीस. "बघ रं, आली का?"

तुला धीर धरवेना म्हणून मी शाईचा पॅड घरी आणला. दर रविवारी तू त्या माझ्या तक्त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर अंगठा उठवायचीस. पहिल्या रविवारी नुसता काळा ठिपका. दुसऱ्या रविवारी तसाच. चौथ्या रविवारी कडेला दोन बारीक वळणं दिसली आणि तू ओरडलीस, "वहिनी, इकडं ये! ही बघ माझी रेघ!" आई आली, तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "दोन रेघांला किती पेन्शन बसती?"

तो कागद माझ्याकडे आहे. एका बाजूला माझी ऐंशी वर्षं, दुसऱ्या बाजूला तुझे सात रविवार.

पहिली पेन्शन जमा झाली त्या दिवशी मी तुझ्याबरोबर बँकेत होतो. पासबुकावर छापून आलेली ओळ मी बोटानं दाखवली. तू विचारलंस, "हे कुनी दिलं?"

"सरकारनं."

"कशाचं?"

"तू काम केलंस त्याचं."

"त्याचं तर तवाच दिलं हुतं की!"

मी पीएफचं सगळं समजावून सांगितलं. तू मान डोलावलीस, पण तुझं समाधान झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात तू एकटी बँकेत गेलीस आणि घाईघाईनं परत आलीस. "ह्या म्हैन्यात पन आली रं!" त्याच्या पुढच्या महिन्यातही गेलीस. शेवटपर्यंत गेलीस. दर महिन्याला तुला नवल वाटायचं. मला आधी हसू यायचं, नंतर जरा रागही यायचा. एवढं काय त्यात?

आणि त्या मोकळ्या दुपारी! जन्म अकोले तालुक्यात काढला आणि भंडारदऱ्याचं धरण पाहिलं नव्हतंस. एक दिवस अर्धं तिकीट काढून एकटीच एसटीत बसलीस. परत आल्यावर आम्हाला वाटलं, आता वर्णन ऐकायला मिळणार. तू म्हणालीस, "पानी लई हाय. मग आपल्या नळाला का येत न्हाई?" हा प्रश्न तू ग्रामसेवकालाही विचारलास. तलाठ्याला विचारलास. विहारात भन्तेजी आले होते, त्यांनाही विचारलास!

या थंडीत तुला ताप आला. चौथ्या दिवशी संगमनेरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे. सहाव्या दिवशी तू नव्हतीस. पुण्यानुमोदनाला बिडीवाल्या सगळ्या बायका आल्या होत्या. विहारात जागा पुरली नाही, काहीजणी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. तू छप्पन्न वर्षांची होतीस. माझ्या तक्त्याप्रमाणे वागली असतीस तर तुला एकही पेन्शन मिळाली नसती.

त्यानंतर मी एक काम केलं, ते तुला आवडणार नाही. बँकेत तुझे कागद द्यायचे होते म्हणून तुझी पेटी उघडली, पण मी शोधत वेगळंच होतो. एखादा जुना केसपेपर, एखादी चिठ्ठी, छातीचा फोटो. तुला आधीच काही आजार कळला होता आणि म्हणून तू घाई केलीस, असा एखादा पुरावा मला हवा होता. तसा कागद सापडला असता तर माझा तक्ता बरोबर ठरला असता. चांगल्या तब्येतीच्या माणसानं थांबावं, तुझी गोष्ट वेगळी, असं म्हणता आलं असतं.

काही सापडलं नाही. दोन लुगडी, माझ्या पाचवीच्या वर्गाचा फोटो, पासबुक. तू ठणठणीत होतीस. तरी घेतलीस. का?

शेवटी आईलाच विचारलं. ती बिडीचं तोंड नखानं दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला बघायचं हुतं."

"काय बघायचं होतं?"

"हात रिकामे ठिवल्यावर पैसा येतो का, ते. धा वर्सांची असल्यापास्नं वळत हुती. वळल्या तेवढ्याचं मिळायचं. तापानं पडली, वळल्या न्हाईत, मिळालं न्हाई. तुझ्या आज्याच्या मयताला चार दिस बसली, मिळालं न्हाई. मला म्हनली हुती, वहिनी, एकदा तरी बघू की, बसून खाल्लं तर कसं लागतं."

बस. एवढंच! म्हणून तू दर महिन्याला पाहायला जात होतीस का? पहिल्यांदा आली ती चूक असेल, दुसऱ्यांदा येणार नाही, असं वाटायचं का तुला? मी विचारायला हवं होतं. मी तक्ता करून दिला, पण तुला काय पाहायचं आहे हे विचारलंच नाही.

हे कळल्यावर मी पार उलटा झालो. आई त्रेपन्नची आहे. तिची पाठ दुखते, दिवा लावल्याशिवाय दोरा दिसत नाही. मी तिच्यामागे लागलो, आई, आत्तापासून घे, पाच वर्षं आधी घेतल्यानं थोडी कमी मिळेल, मिळू दे. नवा तक्ता केला. या वेळी खाली वय धरलं नाही. तिला बसवून समजावलं.

ती म्हणाली, "न्हाई. मी पुरी घेनार."

"आत्यानं घेतली ना आधी?"

"वन्संचं वन्संपाशी. मी पुरी घेनार."

"पण का?"

तेव्हा ती चिडली. "का म्हंजे? तू कधी आलायस कारखान्यात माल द्यायला? धा बिड्या हातात घेतो आन चार फेकतो, ही सैल, ही वाकडी. छाट! हजार वळल्या तर हजाराचं कवाच मिळालं न्हाई मला. लगीन झाल्यापास्नं छाट काढूनच घेतलंय. आता ही एक गोष्ट बिगर छाटीची मिळतीय, तर तू मला म्हनतूस कमी घे? अठ्ठावन्नला पुरी घेन, मग बसंन."

तिचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येईना. पण आत्या, ती अठ्ठावन्नपर्यंत राहिली नाही तर? तूही ठणठणीत होतीस! त्या दिवसापासून ती खोकली तरी मी उठून बसतो. दवाखान्यात चल म्हटलं तर येत नाही. आणि काल मी कागद पुढे केला आणि म्हणालो, रेशनचं काम आहे.

तिचा अंगठा आता माझ्यासमोर आहे. नुसता काळा डाग. एकही रेघ नाही.

तुझ्या वेळी मी फॉर्म खणात दाबून ठेवला. आईचा फॉर्म तिला न सांगता द्यायला निघालोय. दोन्ही वेळा मला वाटलं, मी त्यांच्या भल्याचं करतोय. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तू तर विचारलंच असतंस. तुला कुणालाही काहीही विचारायची लाज वाटायची नाही. मग मला एका घरात राहून आईला विचारायला भीती का वाटते?

मालक आले. मी जरा घरी जाऊन येतो.

आत्या, आता साडेतीन वाजलेत. कागद घेऊन घरी गेलो होतो.

आई पानं कापत बसली होती. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, पत्र्याचं माप त्यावर ठेवायचं, कात्री फिरवायची. तू पेन्शन सुरू झाल्यावरही दुपारी तिच्यासाठी पानं कापून ठेवायचीस. तू गेल्यापासून ते कामही तिच्यावर पडलंय, हे मी रोज पाहत होतो आणि आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मी म्हणालो, "आई, काल अंगठा घेतला तो रेशनचा कागद नव्हता."

"मग?"

"पेन्शनचा आहे. तुझं काम सोडायचा."

तिनं हातातलं पान पुरं कापलं. मग म्हणाली, "वाच."

मी वाचला. एकही शब्द गाळला नाही. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' हे वाक्य मी घाईनं वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"सोखुशीनं? कुनाच्या?"

तिनं कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि पानाच्या कात्रीनं खालचा अंगठा तेवढा कापून काढला. घाई न करता, पान कापते तसा, गोल. तो तुकडा कमरेच्या पिशवीत टाकला आणि बाकीचा कागद मला परत दिला.

"कागद तुझा. अंगठा माझा."

मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं विचारलं, "एवढं भ्या कशाचं वाटतंय रं तुला?"

"आत्या गेली तशी तूही गेलीस तर? अठ्ठावन्नच्या आधी?"

"गेले तर गेले. तुझ्या कागदानं मी थांबनार हाय का?"

मग तिनं हातातली कात्री माझ्याकडे सरकवली. "पाठ माझी बिडीनं दुखत न्हाई, ह्या पानांनी दुखती. वन्सं हुत्या तवा ही कटकट न्हवती मला. तुला माझं एवढं वाटतंय ना? मग पेन्शन नको काढू. पानं काप."

मी बसलो. तुझ्या जागेवर बसायला आधी संकोच वाटला, पण उजेड तिथंच येतो. अर्ध्या तासात मी तीस पानं कापली. आईनं ती एकेक करून पाहिली आणि एकोणीस बाजूला टाकली. "पत्र्याच्या भायेर चालली तुझी कात्री. मालाचा सत्यानाश केलास." पण ती हसत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

म्हणून आता वचन देतो आणि पत्र संपवतो. दुकान नऊला उघडतं. मी रोज सकाळी सात ते साडेआठ आईसमोर बसून पानं कापीन. ती अठ्ठावन्नपर्यंत वळेल तर अठ्ठावन्नपर्यंत. मधेच एखाद्या दिवशी तिनं सूप खाली ठेवून "बास झालं" म्हटलं, तर त्या दिवशी. दिवस ती ठरवेल. तेव्हा फॉर्म मी तिच्या शेजारी बसून भरीन, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवीन, आणि तिला पटल्यावरच शाईचा पॅड पुढे करीन. माझी भीती कमी होईल असं मात्र तुला सांगत नाही. ती राहील बहुतेक. ती घेऊनच बसेन.

एक विचारायचं राहिलं. ओलं पान कापताना कात्री वळणावर सरकते, ती तू कशी धरायचीस? आईला विचारलं तर म्हणते, "वन्संनाच इचार." म्हणून विचारतोय.

उत्तर येणार नाही, माहीत आहे. मी कापत राहीन, कधीतरी हाताला समजेल. उद्या सकाळी सातला बसतोय.

तुझा भाचा,
प्रवीण